वही अजून संपली नाही

जुलैतली गोष्ट. केनियात मोंबासाजवळच्या आमच्या शाळेत वह्यावाटपाचा कार्यक्रम होता. परदेशातल्या कुठल्याशा देणगीदार मंडळींनी खोकीच्या खोकी वह्या पाठवल्या होत्या आणि त्यांचा एक तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. मैदानात टेबल मांडलं, टेबलावर चादर, चादरीवर वह्यांची चळत. वाटायला मुख्याध्यापिकाबाईंनी मलाच उभं केलं. रांग छान सरकत होती. पाचवीतली एक किडकिडीत मुलगी माझ्यासमोर आली, थांबली आणि हात पुढे न करताच म्हणाली, "टीचर, माझी वही अजून संपली नाही." मी म्हटलं, "असू दे गं, संपल्यावर होईल." ती म्हणाली, "मग संपल्यावर द्या." मागे रांग खोळंबली. कॅमेरावाला एका गुडघ्यावर बसून वाट बघत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी नुसती भुवई उचलली. मुलीने वही घेतली, कॅमेऱ्याकडे बघितलं, हसलीसुद्धा. फोटो निघाला. मग तिने ती वही माझ्यापुढे धरली आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "आता परत ठेवू?"

मी ठेवून घेतली.

फोटो सुंदर आलाय. नंतर तो सगळ्यांना पाठवला गेला, मलाही आला, आणि इथे नाशिकला माझ्या भाचीने तो फ्रिजवर लावूनही टाकला. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, "किती गोड हसतेय हो!" मी मान डोलावते. काय सांगणार? नोव्हेंबरअखेर सुट्टीवर आल्यापासून पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला की ती मुलगी समोर. हट्टी नाही, उद्धट नाही, लाजाळू तर मुळीच नाही. वर्गात गणिताला मागच्या बाकावर बसते आणि उत्तर आलं तरी हात वर करत नाही, विचारलं की सांगते. वहीच्या दोन्ही बाजूंच्या समासातसुद्धा बारीक अक्षरात आकडेमोड करते. एका वहीत आपल्याकडच्या पोरांच्या दोन वह्या मावतील.

मी निवृत्तीनंतर तिकडे गेले. नाशिकच्या एका अनुदानित शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, पेन्शन सुरू झाली, आणि चर्चच्या ओळखीतून विचारणा आली. राहायला खोली ते देणार, बाकी आपलं आपण बघायचं. केनियात अशा कामासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे, धर्मादाय आणि मिशनरी कामाचा. त्या कागदावर माझ्या नावाशेजारी तो शब्द बघून मला आधी हसू आलं आणि मग जरा कसंसंच झालं. आमच्या घरात "मिशनरी" म्हणजे पांढऱ्या मोज्यांतल्या, छत्री घेऊन चालणाऱ्या, "टुमी कशे आहे" म्हणणाऱ्या मिससाहेब. माझ्यासारखी, नऊवारी नेसणाऱ्या आजीची नात, ही मिशनरी कशी असेल?

दिवस तिथे पहाटेच सुरू होतो. पाचच्या आत मशिदीची अजान, मग कोंबडे, मग शेजारच्या अंगणात झाडूचा आवाज. आपल्याकडे सडा घालतात तशी तिथे बायका वाळू झाडतात, कमरेत वाकून, आखूड झाडूने, आणि झाडल्यावर वाळूवर ज्या कमानी उमटतात त्या शाळेच्या वेळेपर्यंत कुणी तुडवत नाही. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास उगवतो आणि तसाच साडेसहाच्या आगेमागे मावळतो. म्हणून स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. सकाळी सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडेही घटका-पळं दिवस उगवल्यापासूनच मोजत. मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना तारीख बदलायची ही कल्पना खरं तर विचित्रच.

पाणी हा मोठा विषय. विहिरीचं पाणी मचूळ, अंघोळीला चालतं, चहाला नाही. गोडं पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी हातगाडीवर येतं, वीस-वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून. गाडीवान उघडा, घामाने चकचकीत, उतारावर पाय रोवून सगळं वजन पाठीने अडवतो. ज्या मंगळवारी तो चुकतो त्या आठवड्यात माझा चहा मिठाचा. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला, गंगापूर धरणाचं पाणी नळाला येणाऱ्या माणसाला, पाण्याची चव वेगवेगळी असते हे कळायला तिकडे जावं लागलं. आता इथे सकाळी नळाखाली ओंजळ धरून तसंच पाणी पिते तर भाची म्हणते, "मावशी, फिल्टर आहे की." असू दे.

शाळेच्या भिंती प्रवाळी दगडाच्या आहेत, समुद्राच्या तळातून आलेल्या. जवळून बघितलं तर त्यात शिंपल्यांचे ठसे दिसतात आणि मधल्या सुट्टीत मुलं नखाने ते उकरत बसतात. छपराला पत्रे. एप्रिल-मे मधला मोठा पाऊस पत्र्यांवर कोसळला की शिकवणं बंद. फळ्यावर लिहायचं आणि हातवारे करायचे. वर्गात पन्नासच्या वर मुलं, तिघा-तिघांत एक बाक. मोजायला सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं; प्रत्येकाकडे कापडी पिशवीत ती असतात आणि भागाकार सुरू झाला की सगळा वर्ग खळखळतो. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सगळी पाठ होती. मला अर्धवट येतात. एकदा अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात तेव्हा मी निमकी लावून दिली, त्यांच्या भाषेत, आमच्या चालीत. मुलांनी चाल उचलली, त्यावर बाकं वाजवली, आणि शेजारच्या वर्गातली बाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याही वर्गातून तीच चाल ऐकू आली, फक्त ताल निराळा, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा.

वर्गातली जवळजवळ अर्धी मुलं मुसलमान. किनाऱ्यावर ते तसंच असतं. धर्मशिक्षणाच्या तासाला घंटा झाली की वर्ग न बोलता दोन भागांत विभागतो. काही मुलं बाहेर पडून आंब्याखाली त्यांच्या शिक्षकांकडे जातात, काही आत राहतात, तास संपला की पुन्हा एका बाकावर तिघं. हे मी इथे सांगते तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही. कारण इथला ठरलेला प्रश्न असतो तो वेगळाच. परवा कॉलेज रोडवर जुन्या सहकारी बाई भेटल्या. खूप प्रेमाने हात धरला, तब्येत विचारली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिकडे म्हणजे... लोकांना ख्रिश्चन करायला का?" मी सांगितलं, "अहो, सबंध केनियात दहातली आठ-साडेआठ माणसं आधीच ख्रिश्चन आहेत. रविवारी तेच मला सुधारतात." बाई हसल्या. त्यांना माझं म्हणणं पटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

तिकडे उलटं. तिकडे मी "मुहिंदी", म्हणजे भारतीय, म्हणजेच दुकानवाली. उपासनेला पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या म्हाताऱ्याने मला फार आदराने विचारलं की चुकून आलात का, देऊळ पुढच्या रस्त्याला आहे. आणि बाजारातले गुजराती शेठ, ज्यांच्याकडे मी तूरडाळ घेते, त्यांनी गाव विचारलं. नाशिक म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी येऊन गेले होते. आता २०२७ च्या सिंहस्थाला यायचंय, तुमच्याकडे खोलीची सोय होईल का? मी म्हटलं, "शेठ, आम्ही ख्रिश्चन." ते क्षणभर थांबले, वजनकाट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पण रामकुंडापासून घर किती लांब?" आता ते प्रत्येक खेपेला पाव किलो जास्त घालतात. कुंभात मला बहुतेक त्यांची उतरायची व्यवस्था करावीच लागणार.

तूर हा तिथला नाश्ता. हिरवे-सुके दाणे नारळाच्या दुधात शिजवतात, आणि बरोबर वेलदोडा घातलेल्या, तळलेल्या, आत पोकळ अशा गोडसर पुऱ्या. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला मिसळीची भयंकर आठवण आली, कारण या दोन गोष्टींत काहीही सारखं नाही. घर आठवायला नेहमी सारखं काही लागतंच असं नाही.

पण मी वह्यांबद्दल बोलत होते.

इथे नाशिकच्या शरणपूरला आमच्या लहानपणी नाताळच्या आधी पार्सलं यायची. मोठी, सुतळीने बांधलेली, लाखेचे शिक्के असलेली. आत स्वेटर, लोकरी टोप्या, वापरलेली नाताळकार्डं (मागची बाजू कात्रीने कापून टाकलेली), आणि एक विशिष्ट वास, साबण आणि डांबरगोळ्यांचा. तो वास मला अजून कुठे आला तर मी त्याला "विलायत" म्हणते. १९७२ च्या दुष्काळात तर पार्सलांबरोबर दूधभुकटीही होती. बाकी सगळं गाव मिलो नावाची परदेशी ज्वारी आणि सुकडी खात होतं, आम्हीही तेच खात होतो. मी तेव्हा तिसरीत. आम्हा पोरांना चर्चच्या पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला, प्रत्येकाच्या अंगात नवीन स्वेटर. मिससाहेब कॅमेऱ्यामागून "हासा, हासा" म्हणत होत्या. आम्ही हसलो. डिसेंबर होता खरा, पण दुपारचे बारा वाजलेले, पाठीवरून घामाच्या धारा. तो फोटो मी कधी बघितला नाही. तो आमच्यासाठी नव्हताच. कुठल्या तरी गावातल्या चर्चच्या फळ्यावर काही महिने लागला असेल, लोक म्हणाले असतील, किती गोड हसतेय.

घरी आल्यावर आजीने स्वेटर अंगातून काढायला लावला. तिने तो उलटा केला, शिवणीत नखाने टाका शोधला, दातांनी तोडला आणि उसवायला घेतला. ही तिची दर वर्षीची पद्धत. टाके एकेक सुटताना जो बारीक करकर आवाज यायचा तो मला फार आवडायचा. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जायची, कुरळी, गाठाळ. मग चुलीवर पातेलं ठेवून वाफेवर ती लड धरायची, हळूहळू फिरवत, की कुरळेपणा सुटून धागा सरळ व्हायचा. दोन दिवस तारेवर वाळायची. आणि मग आजी तिच्या स्वतःच्या मापाने, स्वतःच्या नक्षीने नवीन विणायची. कोपरापर्यंत बाह्या, पुढे बटणं, बटणाखाली पोफळीच्या पानाची नक्षी. मिससाहेबांनी एकदा विचारलं होतं, दिलेले स्वेटर मुलांच्या अंगावर का दिसत नाहीत? आजीने मला पुढे केलं. "हा काय. हाच तो." मिससाहेबांनी बघितलं, त्यांना रंग ओळखीचा वाटला असावा, पण पुढे बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर आजी म्हणाली, "त्यांच्या मापाचं आपल्याला कशाला?"

मिससाहेबांना आम्ही कधी स्वतःचा कप विसळू दिला नाही. त्या आल्या की शेजारच्यांकडून खुर्ची यायची, आजी पदराने ती पुसायची, आणि त्या बसल्या की बाकी सगळे उभे. मला वाटायचं, त्यांना केवढी मजा असेल! आता कळतं की त्यांना त्या खुर्चीत कसं वाटत असेल. आमच्या शाळेत शिक्षकखोलीत एकच खुर्ची हातांची आहे आणि ती माझी. कुणी तसं सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी बसवलं, मग तीच. दहाच्या चहाला माझा कप आधी भरतात, त्यात साखर कमी, कारण मी एकदा कमी मागितली होती. जेवण झालं की ताट घेऊन उठेपर्यंत स्वयंपाकीणबाई हातातून ओढून नेते. मी म्हटलं मी धुते, तर ती दुखावली. आणि ड्यूटी लावत नाहीत. सकाळी फाटकावर उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची, दुपारी जेवणाची रांग सांभाळायची, संध्याकाळी वर्ग बंद करायचे, या कामांचं एक पत्रक भिंतीवर असतं. त्यात सगळ्यांची नावं, माझं नाही. विचारलं तर मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "तुम्ही थकून जाल." त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. या आदराला काही उत्तर नाही. रागावता येत नाही आणि सुखही लागत नाही.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसतं की मोंबासाचा आणि या रस्त्याचा जुना संबंध आहे. चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं १८५० च्या दशकात, आणि पुढे अरबांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथे आणून ठेवली. गुलाम म्हणून विकायला नेलेली मुलं गोदावरीकाठी सुतारकी, लोहारकी, लिहिणं-वाचणं शिकली. १८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आला तेव्हा त्याने आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं नेली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या पोटात मेला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेत शिकलेला. मॅथ्यू वेलिंग्टन हा त्यांच्यातला आणखी एक, तो १९३५ पर्यंत जगला, मोंबासालाच. शरणपूर चालवणारे पाद्री प्राइस १८७४ मध्ये मोंबासासमोर फ्रेअरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेले, आणि बरोबर गेली इथली माणसं. शिक्षक म्हणून, उपदेशक म्हणून, सुतार म्हणून. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की वाजवायची घंटा अजून तिथे कमानीत टांगलेली आहे, रस्त्याच्या चौकात, चहूबाजूंनी मटाटूंचे, म्हणजे तिथल्या मिनीबसचे, भोंगे. मी बाजारातून येताना त्याच थांब्यावर उतरते. पिशवीत तूरडाळ, शेजारी घंटा. कुणी वर बघत नाही. पहिले काही आठवडे मी बघायचे, आता मीही नाही.

या माणसांबद्दल चर्चमध्ये बोलतात तेव्हा ती फार कृतज्ञ, फार नम्र होती असं बोलतात. सोडवलेली, शिकवलेली, धन्य झालेली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट त्या भाषणांत कधी येत नाही. ती म्हणजे ते भांडत. फ्रेअरटाउनमध्ये युरोपीय मिशनऱ्यांशी पगारावरून, वागणुकीवरून, कोण कुणाच्या हाताखाली यावरून त्यांचे खटके उडत. ज्यांनी बेडी तोडली त्यांनाच हे लोक तोंडावर सांगत होते की आम्हाला कमी देता. वरिष्ठांना त्याचं वाईट वाटलं असणार, यांच्यासाठी एवढं केलं आणि हे पगार मागतात! यांच्यातल्याच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना १८८५ मध्ये डीकनची, म्हणजे पाद्रीपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली. आणि मोंबासाजवळच्या रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला म्हणून मालक अंगावर चालून आले तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहिला तो हाच जोन्स. पगारावरून कुरकुर करणारी आणि असल्या वेळी पाय रोवणारी माणसं एकाच गोतातली निघतात, याचं मला नवल वाटत नाही. शाळांच्या शिक्षकखोल्यांत आयुष्य गेलं की हे कळतं.

इथे सध्या थंडीचा कडाका आहे. सकाळी गोदेवरून वाफ उठते, द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात, आणि संध्याकाळी कॅरलवाली मुलं ढोलकी-झांजा घेऊन घरोघर फिरतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणताना एक म्हातारे काका नेहमीप्रमाणे एक कडवं जास्त म्हणतात. करंज्या झाल्या, चकल्यांचं भाजणीचं पीठ आलंय. आणि या सगळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्या शाळेसाठी मदत गोळा करायचं ठरवलं. मला न विचारता. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं आणि लोक वळून माझ्याकडे बघून हसले. मंगळवारपर्यंत आमच्या ओसरीवर ढीग झाला. जुने कपडे, स्वेटर (मोंबासाला! जिथे वर्षभर पाठीला घाम असतो), कंपास पेट्या, आणि वह्या. शंभर पानी, दोनशे पानी, चौरेघी, दुरेघी. एका आजोबांनी पेन्शनमधून आणलेल्या वह्यांवर प्रत्येक पानाला हाताने समास आखून दिले होते. त्या समासांकडे बघून मला बोलवेना. कुणाला काय म्हणून नाही म्हणायचं?

तरी बैठकीत मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ सगळे गप्प. मग चहा आला. मग समितीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "मग त्यांना हवंय काय?" हा प्रश्न मी तिकडे कधी विचारलाच नव्हता, पाहुणीला विचारायचा हक्क कुठे असतो. तिथल्या तिथे मुख्याध्यापिकाबाईंना संदेश टाकला. उत्तर पाच मिनिटांत आलं, म्हणजे त्यांच्या मनात ते आधीपासून तयार होतं. पन्हळी. तिन्ही इमारतींच्या पत्र्यांना पन्हळी बसवल्या तर मोठ्या पावसाचं पाणी टाकीत जाईल, गोडं पाणी विकत घ्यायला लागणार नाही, निदान काही महिने. खाली मापं, फुटांत. तिथल्या गवंड्याचा दर. नळकांड्याचा व्यास.

समितीत पुन्हा शांतता. पन्हळी पार्सलने जात नाहीत. त्यांना रिबन बांधता येत नाही. कोषाध्यक्ष डोकं खाजवत म्हणाले, "पैसे जमतील, त्याची काळजी नाही. पण बोर्डावर फोटो काय पन्हळीचा लावायचा?" पाळकसाहेबांना हसू आवरेना. मी म्हटलं, लावा की, पाऊस पडताना काढून पाठवते. यावर बराच वेळ चर्चा झाली, वह्यांचं काय करायचं यावरही, आणि शेवटी वह्या इथल्याच वस्तीतल्या अभ्यासिकेला द्यायच्या ठरल्या. समास आखलेल्या मात्र मी बॅगेत घालणार आहे. त्या मुलीची वही एव्हाना संपली असणार. मागायला आली तर देईन. नाही आली तर मी काही तिला शोधत जाणार नाही.

पन्हळींच्या मापांवरून तिकडून मग बरेच संदेश आले-गेले. मुख्याध्यापिकाबाई माझ्याशी एरवी फार औपचारिक बोलतात, पण मी एक माप चार इंचांनी जास्त धरलंय असं दिसल्यावर त्यांनी मला चांगलं खडसावलं. माप त्यांच्याच माणसाने चुकीचं लिहिलं होतं हे नंतर निघालं, पण त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. परवा रात्री आणखी एक फोटो आला. जानेवारीच्या सत्राचं ड्यूटी-पत्रक, पट्टीने रेघा ओढून हाताने लिहिलेलं. मंगळवारच्या रकान्यात, फाटक, सकाळी साडेसहा, आणि पुढे माझं नाव, एक अक्षर खाऊन. भाचीने वाचलं आणि म्हणाली, "साडेसहाला? मावशी, या वयात? सांग ना त्यांना."

मी सांगितलंच. मंगळवारी सकाळी पाणीवाला येतो, मला घरी थांबावं लागतं, तर बुधवार मिळेल का? रात्री उशिरा उत्तर आलं: "बुधवार भरलेला आहे. पाण्याचं शेजारणीला सांगून ठेवा. वेळेवर या."